हिम्मतरावांचा टाक

गेल्या पावसाळ्यात मुशी नदी जी शहरात शिरली, ती थेट बेगम बाजारात जाऊन तिनं मिरच्यांच्या पोत्यांत तोंड घातलं, आणि ठसका लागल्यामुळेच मागे फिरली, असं तिथले व्यापारी शपथेवर सांगतात.

पाणी ओसरलं आणि शहर ते विसरलंही. तेव्हा एके दुपारी सत्यवतीबाई जामबागेत अलका देऊळगावकर यांच्याकडे आल्या. अलकाबाई खाजगी तपास करत. शेजारचे एकनाथराव त्यांना मदत करत. म्हणजे शब्दकोड्याची उत्तरं आधी बघून मग ते कोडं सोडवत बसत.

सत्यवतीबाई चादरघाटाखाली एकट्या राहत. पाणी जिन्यावर चढलं तेव्हा त्या देवघरातल्या टाकांची पिशवी छातीशी धरून गॅलरीत उभ्या होत्या. टाक म्हणजे चांदीच्या पत्र्यावर ठोकलेले देव. खंडोबा, भवानी, आणि नवरा हिम्मतराव गेल्यावर त्यांच्या नावानं घडवून देवांत बसवलेला एक. तेवढ्यात सिनेमातला हिरो तेजस राजे होडी घेऊन आला. डोक्याला पंचा, निम्मा चेहरा झाकलेला, पण लोक त्याच्याच नावानं ओरडत होते. त्यानं बाईंना पाठीवर घेतलं आणि गॅलरीतून सरळ होडीत उडी मारली.

पुढे ट्रकवर चढताना दोन्ही हात लागणार म्हणून बाईंनी पिशवी त्याच्यापुढे धरली. लोक मोबाइल घेऊन धावले, ट्रक सुटला, पिशवी त्याच्याकडेच राहिली.

"म्हणजे हिरोनं चोरी केली," एकनाथराव म्हणाले.

"नाही हो. आत देव आहेत म्हटल्यावर त्यानं आधी पायातले बूट काढले. होडीत घोटाभर पाणी होतं, तरी. चोर बूट काढतो का?"

खरी गोष्ट पुढेच होती. भाचा रितेश म्हणत होता की पिशवी नव्हतीच, मावशीला भास होतात. दिवाळीनंतर तो त्यांना वृद्धाश्रमात नेणार होता.

"टाक मिळाले नाहीत तर मीही त्याचं खरं मानीन," सत्यवतीबाई म्हणाल्या. "घरात बोलायला यांचा टाक तेवढा होता. आता भिंतीशी बोलते. मग भास नाही तर काय?"

रितेश गचीबोलीत बाराव्या मजल्यावर राहत होता. होड्या लागत होत्या तिथल्या मदतछावणीत त्या दिवशी तोही पोचला होता. एकनाथरावांना तोच संशयित वाटला, कारण त्यानं चहा विचारला नाही. पण त्यानं छावणीतल्या लोकांनी काढलेले व्हिडिओ मात्र दाखवले. हिरो पोती उचलतोय, म्हाताऱ्यांना हात देतोय, ट्रकमागे एकटाच बसून खिचडी खातोय. मोबाइल जवळ आला की दर वेळी तो पाण्याकडे वळत होता. एकाही व्हिडिओत तोंड नव्हतं.

"केवढा विनय," एकनाथराव हळहळले.

"मावशीनं काही दिलं असेल तर तो कचऱ्यात टाकून गेला असेल," रितेश म्हणाला. "या लोकांना फोटोपुरतं काम असतं."

"फोटोपुरतं असतं तर तोंड दाखवलं असतं," अलकाबाई म्हणाल्या.

तेजस राजेचं शूटिंग शहराबाहेर चालू होतं. त्याची मॅनेजर ईशा हिनं त्यांना दोरीपलीकडे उभं केलं. लांबच्या गच्चीवरून लाल शर्टातला तेजस खालच्या गाद्यांवर कोसळला. एकनाथरावांनी जोरात टाळ्या पिटल्या. टाळ्या संपेपर्यंत तेजस त्यांच्या मागे छत्रीखाली चहा पीत होता. कपाळ कोरडं, भांग जागच्या जागी.

त्या आजी आपल्याला चांगल्या आठवतात, असं तो म्हणाला. पिशवीचं मात्र काही ठाऊक नाही. टाकांचं नाव काढल्यावर त्यानं ईशाकडे पाहिलं, आणि तिनं घड्याळाकडे. एकनाथरावांनी सेल्फीसाठी मोबाइल वर केला. जांभई देत असलेल्या तेजसची मान आपोआप वळली, हनुवटी खाली आली, हसू उगवलं.

"अगदी फुलासारखा वळला," एकनाथराव परतताना म्हणाले.

"हौ ना," अलकाबाई म्हणाल्या. "जरा थांबा, मी गाद्यांपाशी जाऊन येते."

रविवारी सत्यवतीबाईंच्या घरी सगळे जमले. भिंतीवर पुराची ओल होती, देवघर रिकामं होतं. रितेश दाराशी उभा होता.

"एकनाथराव, कॅमेरा दिसला की हिरो काय करतो?" अलकाबाईंनी विचारलं.

"वळतो की. तेजस कसा वळला."

"कॅमेऱ्याकडे वळला. जांभई देतानासुद्धा. पुरातला माणूस दर वेळी उलटा वळत होता. तो विनय नव्हे, सवय आहे. तोंड दिसलं तर ज्याचं काम फुकट जातं, अशा माणसाची. आता सांगा, त्या दिवशी तुम्ही टाळ्या कोणाला वाजवल्या?"

एकनाथरावांनी आपल्या तळहातांकडे पाहिलं. "कपाळ कोरडं होतं त्याचं," ते म्हणाले.

"उडी मारणारा गाद्यांवरच होता. गॅलरीतून बाईंना घेऊन उडी मारणाराही तोच. हिरोच्या कपड्यांतला डुप्लिकेट. ईशानं त्याला पाठमोऱ्या एका व्हिडिओपुरतं पाठवलं होतं. व्हिडिओ झाला, तरी हा संध्याकाळपर्यंत पोती उचलत राहिला. सेटवर तो एका बाजूला जेवतो, तसा तिथंही ट्रकमागे जेवला. आणि पिशवी त्यानं ठेवून घेतली नाही, रितेश. त्याला इकडे फिरकायला बंदी होती. तोंड दिसलं तर काम गेलं."

अलकाबाईंनी दार उघडलं. बाहेर चाळिशीचा एक माणूस जिन्याकडे तोंड करून उभा होता. बूट आधीच काढून ठेवलेले. त्याचं नाव किशोर. हातात तीच पिशवी.

"रोज फूल वाहिलं, आई," तो म्हणाला. "बिनपूजेचे कसे ठेवायचे? एकटाच असतो मी. यांच्याशी बोलायची सवय लागली, म्हणूनही उशीर झाला. खोटं कशाला बोलू?"

सत्यवतीबाईंनी टाक एकेक करून जागेवर मांडले. नवऱ्याचा शेवटी. मग रितेशकडे न बघता म्हणाल्या, "दिवाळीला जेवायला ये. वृद्धाश्रमात नव्हे, इथं."

रितेशनं मोबाइल काढला. कदाचित खरंच आठवण म्हणून.

किशोरची मान लगेच भिंतीकडे वळली.

सत्यवतीबाईंनी त्याची हनुवटी धरली आणि चेहरा हलकेच उजेडाकडे फिरवला. तेजस राजेशी त्याचं काहीसुद्धा जुळत नव्हतं.

"काम जाईल माझं," तो पुटपुटला.

"जाऊ दे. यांनाही बघू दे," त्या देवघराकडे मान करून म्हणाल्या. "महिनाभर कोणाशी बोलत होते ते."