सरकून बसणारी माणसं

नव्या शहरात घर शोधणाऱ्या जोडप्याला दलाल पहिल्यांदा जे दाखवतो ते घ्यायचं नसतं, आणि शेवटी जे दाखवतो ते घेतल्यावाचून गत्यंतर नसतं. हा धंद्याचा रिवाज आहे. या दोघांना तो ठाऊक नव्हता.

नवरा भूगोलाचा मास्तर. वर्गात नद्यांची खोरी डोळे मिटून काढून दाखवायचा, रस्त्यावर मात्र डावं-उजवं बायकोला विचारायचा. बायको तयार कपड्यांच्या कारखान्यात कापड बेतायची. माणसाचं नाव ती विसरेल, पण खांद्याचं माप विसरायची नाही. तिला इथल्या कारखान्यात बढती मिळाली होती. सामानाचा ट्रक परवावर आला होता, आणि ते उतरवायचं कुठे याचाच पत्ता नव्हता.

पहिली वस्ती बाजारातली. तिथे लिफ्टमध्ये माणसं कोंबून भरली होती आणि तरी आठवा माणूस आत शिरून "सरका हो जरा," म्हणत होता. मास्तरच्या पायावर दोघांनी पाय दिला. माफी मास्तरनेच मागितली. दुसरी वस्ती देखणी होती, पण वारा फिरला की रंगाच्या कारखान्याचा वास यायचा.

"सवय होते, वहिनी," दलाल म्हणाला.

"कुणाला? नाकाला की फुप्फुसाला?"

दलाल हसला आणि स्कूटरला किक मारून त्यांच्या रिक्षापुढे निघाला. "एक आहे अजून," तो जाता जाता म्हणाला. ते म्हणताना मात्र हसला नाही.

तिसऱ्या वस्तीत ते पोचले तेव्हा उन्हं उतरली होती. दुतर्फा झाडं, स्वच्छ रस्ता, चार मजली जुनी पण नीटस इमारत. आवारातल्या बाकावर तीन म्हातारे बसले होते. मध्ये चौथ्याची जागा मोकळी होती आणि पाचवा म्हातारा शेजारी काठी टेकून उभा होता. त्याचे पाय थरथरत होते, पण बसत नव्हता. कोपऱ्यावरच्या दुकानात मास्तरने पाण्याची बाटली घेतली. त्याच्या मागे थोडी जागा सोडून एक बाई उभ्या होत्या. दुकानदाराने त्यांच्याकडे लगेच पाहिलं नाही. समोरच्या रिकाम्या जागेकडे पाहून क्षणभर थांबला, मान हलवली, आणि मग म्हणाला, "बोला ताई."

"बघितलंस?" मास्तर हरखून म्हणाला. "कुणी कुणाला ढकलत नाही. याला म्हणतात सुसंस्कृत शेजार!"

तिने बघितलं होतं. तिला खटकलं ते वेगळंच. बाकावरची मोकळी जागा आणि दुकानातली मोकळी जागा एकाच मापाची होती. पुरुषाच्या खांद्यांना अपुरी पडेल, बाईच्या खांद्यांना थोडी सैल होईल, अशी.

लिफ्ट उघडली. आत तीन माणसं भिंतींना पाठ लावून उभी होती, मध्ये एकाची जागा. आयुष्यभर रांगेच्या शेवटी राहिलेल्या मास्तरला वाटलं, ही जागा आपल्यासाठीच राखली आहे.

"साहेब, जिन्याने जाऊ..." दलालाने हात पुढे केला, पण मास्तर तोवर आत शिरून नेमका मध्ये उभा राहिला होता. बायकोला त्या तिघांचे चेहरे दिसले. रागाचे नव्हते. रुग्णालयात दुसऱ्याच्या खाटेकडे बघतात, तसे होते. दार मिटलं.

ती दलालाबरोबर जिने चढून तिसऱ्या मजल्यावर पोचली. लिफ्टमधून ते तिघे मान खाली घालून भराभर निघून गेले. मास्तर सावकाश बाहेर आला. त्याच्या अंगाला वर्षानुवर्षं बंद असलेल्या कपाटाचा, दमट कापडाचा वास येत होता.

"आत गारवा आहे चांगला," तो म्हणाला.

घरमालकीण काकूंनी दार उघडलं, मास्तरकडे पाहिलं आणि एका माणसाला वाट द्यायला लागतं त्याहून बरंच मागे सरकल्या.

घर चांगलं होतं. हवा, उजेड, पाणी, भाडंही परवडणारं. मास्तर दिवाणखान्यातल्या कोचावर टेकला. बायको काकूंच्या मागोमाग स्वयंपाकघरात गेली.

"काकू, इथली माणसं मध्ये जागा का सोडतात?"

काकूंनी आधी नळ सोडला. पाणी दाखवायला नसावा. पाणी त्यांनी मघाशीच दाखवलं होतं.

"दलालाने सांगितलं नाही ना? नाहीच सांगणार मेला... एक आहे इथे. कोण, ते विचारू नका. आम्ही आलो त्याच्या आधीपासून आहे. काही करत नाही बिचारं. माणसांत थोडी जागा लागते त्याला. दिली की गप्प असतं."

"आणि कुणी ती घेतली तर?"

"मग ते दुसरीकडे जात नाही हो..." काकूंचा आवाज नळाच्या आवाजाखाली गेला. "तिथेच राहतं. त्या माणसासकट."

ती दारात आली. मास्तर कोचावर मान वाकडी करून बसला होता, कॉलरमध्ये बोट घालून. त्याच्या अंगातला चौकडीचा शर्ट तिने स्वतः बेतला होता, मुद्दाम सैल. आता खांद्यांवर चौकडीच्या रेघा ताणून वाकड्या झाल्या होत्या. ती बघत असतानाच बाहीच्या मुंढ्याचा एक टाका तुटला. टक्.

"सकाळी शर्ट नीट बसत होता का?" काकूंनी मागून हळूच विचारलं.

याला उचलून आत्ताच्या आत्ता बाजारातल्या वस्तीत न्यावं, असं पहिल्यांदा तिच्या मनात आलं. मग तिला ती आठ माणसं भरलेली लिफ्ट आठवली. तिथे इंचभर सरकायला कुणाला सवड होती? हे आत घेऊनच नवरा तिथे जन्म काढणार, आणि दर महिन्याला ती एकेक शर्ट उसवत बसणार. घर बघताना माणूस शाळा बघतो, बाजार बघतो, पाण्याची वेळ विचारतो. आपल्या वाट्याला जे येईल त्यातलं थोडं इथले लोक वाटून घेतील का, हे कुणी विचारत नाही. विचारायचं सुचतच नाही.

ती जाऊन त्याच्याशेजारी बसली.

"सरक तिकडे."

"का गं?"

"सरक म्हणते ना."

तो एका टोकाला सरकला, ती दुसऱ्या. मध्ये तिने नजरेने मोजून जागा सोडली, सुईने टाका घातल्यासारखी अचूक. पंखा फिरत होता. दलाल दाराबाहेरच उभा राहून स्वतःच्या चपलांकडे बघत होता. दमट कापडाचा वास दाटला... आणखी दाटला... आणि मग खांद्यांवरची चौकडी हळूहळू सरळ झाली. मास्तरने मोठा सुस्कारा सोडला. मधली गादी, कुणी जपून बसावं तशी, दबली.

"बरं वाटतंय आता," मास्तर म्हणाला. "गॅस धरला होता बहुतेक."

इतकी घाबरलेली असूनही तिला हसू आलं, आणि हसू आल्यावर डोळ्यांत पाणी आलं.

"काकू," ती म्हणाली, "घर घेतो आम्ही."

काकूंनी किल्ली तिच्या हातावर ठेवली. "सवय होते," त्या म्हणाल्या. दलालही हेच म्हणाला होता, पण काकूंच्या तोंडून ते ऐकताना तिला जरा धीर आला.

दलाल जिन्याने पळालाच. ही दोघं लिफ्टमध्ये शिरली. तिने डाव्या भिंतीला पाठ लावली, त्याला उजव्या भिंतीला उभं केलं, आणि मध्ये जागा ठेवली. त्याला तिने अजून काहीच सांगितलं नव्हतं. रात्री, जेवणं झाल्यावर, हसत हसत सांगायचं ठरवलं होतं. दार मिटलं. लिफ्ट कुरकुरत खाली निघाली.

"अगं," मास्तर समोर बघत अगदी हळू म्हणाला, "अजून थोडी सरक."

"एवढी जागा आहे की मध्ये."

"हो..." तो म्हणाला. "पण एकापुरतीच आहे."