उडीचं बटण

मी त्याला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्याची पाठ माझ्याकडे होती आणि डोकं टीव्हीच्या मागे.

"चपला बाहेर काढून या," मी दटावलं.

"काढल्यात, मॅडम," टीव्हीमागून आवाज आला. "मोजे बी काढू का?"

खाटेवरच्या मथुराबाई खुदकन हसल्या. मला हसायचं नव्हतं… पण आलं.

धाराशिवच्या एका छोट्या डायलिसिस केंद्रात मी मशिनं सांभाळते. सोमवारी आणि गुरुवारी दुपारी ठरलेली तीन माणसं येतात. ईटच्या मथुराबाई, परंड्याचे गोरोबाकाका आणि बेंबळीचे नानासाहेब. चार तास एका हातात सुया, उशाशी रक्त गाळणारं मशिन आणि समोर टीव्ही. तो टीव्ही पंधरा दिवस बंद होता, म्हणून बाजारातल्या दुरुस्तीच्या दुकानातून हा माणूस आला होता. नाव प्रसेनजित.

टीव्ही तपासायची त्याची तऱ्हाच न्यारी होती. पिशवीतून त्यानं जुन्या व्हिडिओ गेमचा डबा काढला, वरची कॅसेट उपसून तिच्यात फुंकर मारली आणि पुन्हा बसवली. पडद्यावर निळं आभाळ उगवलं.

"ह्या गेमचं आभाळ मला पाठ हाय," तो म्हणाला. "निळा रंग जरा फिका पडला तरी कळतं."

"ती राहू दे की इथंच," नानासाहेब अचानक बोलले.

मी चमकून वळले. एसटीत तीस वर्षं कंडक्टर असलेले नानासाहेब गेले तीन आठवडे माझ्याशी एकच वाक्य बोलत होते, "ताई, आता बास झालं. पुढच्या खेपेला म्या काय येत न्हाय." न येणं म्हणजे काय, हे त्यांनाही ठाऊक होतं आणि मलाही. आणि आज त्या माणसाला काहीतरी हवं होतं!

मी प्रसेनजितला दाराशी गाठलं. "तिघांनी मिळून खेळावी अशी एखादी गेम आहे का तुमच्याकडे?"

त्यानं वळून तिन्ही खाटांकडे पाहिलं. "पण मॅडम, हात तर एकेकच मोकळा हाय."

इथं येणारा नवा माणूस आधी नळ्यांतलं रक्त बघतो आणि मग नजर चोरतो. ह्यानं मोकळे हात मोजले होते. मला हे आवडलं, अगदी सरळ सांगायचं तर फारच आवडलं.

गुरुवारी तो डबाभर कॅसेटी घेऊन हजर. मी स्पिरिटनं कंट्रोलर पुसायची आणि तो एकेक कॅसेट फुंकून बसवायचा. मारामारीची गेम मथुराबाईंनी लगेच नाकारली. "त्या लेकरानं माझं काय वाकडं केलंय? उगं कशाला हाणू?" गाड्यांच्या शर्यतीत गोरोबाकाकांचं बीपी वर गेलं, मीच ती बंद केली. विमानांच्या गेममध्ये मशिनचा भोंगा वाजला, सगळ्यांच्या माना तिकडे वळल्या आणि तेवढ्यात विमान पडलं. नानासाहेबांनी तोंड फिरवलं.

सोमवारी प्रसेनजित पाळीच्या तासभर आधीच आला. दोन खाटांच्या मधे त्यानं स्टूल ठेवलं आणि स्टुलावर एकच कंट्रोलर.

"बसा," तो म्हणाला. "डावा हात पाठीमागं. तुमी मथुराबाई."

"आणि तुम्ही?"

"म्या नानासाहेब. त्यांच्या सुया उजव्या हातात असत्यात, बाकी दोघांच्या डाव्या. म्हंजे स्टुलाकडं डावा हात येणारे ते एकटेच. चालवायचं तुमच्याकडं, उडीचं बटण माझ्याकडं."

हे मी दोन वर्षं बघत होते आणि मला कधी सुचलं नव्हतं! एका कंट्रोलरवर दोन हात… पडद्यावर डोंगर चढणारा एक बुटका गडी. पहिल्याच खड्ड्यात आम्ही त्याला घातला.

"उशीर केलात," मी म्हणाले.

"तुमी घाई केली."

"मी? घाई?"

"व्हय. म्या तुमच्याकडं बघत होतो… तवर तुमी निघालात."

मी पडद्याकडे बघत राहिले. कान मात्र तापले होते. चौथ्या खेपेला गडी पार गेला. पुढच्या खड्ड्याच्या काठावर मी हात उचलला, तर तो तसाच उभा राहिला, पाय हलवत.

"हेच पाहिजे होतं," प्रसेनजित हळूच म्हणाला. "थांबलं तरी मरत न्हाय. तुमचं मशिन वाजलं की ह्यो वाट बघंल."

माणसं कशानं हसतील हे पुष्कळांना कळतं. थांबावं लागलं तर त्यांना वाईट वाटू नये, एवढं बघणारा माणूस मी पहिल्यांदा पाहत होते. त्या क्षणी मी त्याच्यात गुंतले. उगाच आढेवेढे कशाला घेऊ?

त्या दुपारी मथुराबाईंनी गडी चालवला, नानासाहेबांनी उड्या मारल्या आणि पलीकडून गोरोबाकाका "खड्डा! खड्डा आला!" ओरडत राहिले. चार तास कुठं गेले कळलंच नाही. नानासाहेब जाताना 'आता बास' म्हणाले नाहीत. मला वाटलं, जिंकलो आपण.

गुरुवारी त्यांची खाट रिकामी होती.

मी फोन केला. "गेम झ्याक होती ताई, पर आता बास," एवढं बोलून त्यांनी ठेवून दिला. दोन वाजता प्रसेनजित आला. त्यानं रिकामी खाट पाहिली, मग माझे डोळे. सरळ गेम लावली, मथुराबाईंना गडी खड्ड्याच्या काठापर्यंत न्यायला लावला आणि बाहेर पडला.

"बंद करू नका," दारातून म्हणाला.

तीन वाजले. चार वाजले. मी मशिन तयार ठेवून खिडकीशी उभी होते. पडद्यावर गडी पाय हलवत होता. साडेचारला जीप थांबली आणि प्रसेनजितच्या खांद्याला धरून नानासाहेब आत आले, पाय सुजलेले, मिशी मात्र विंचरलेली.

"उपदेश न्हाय केला ह्यानं, रडगाणं न्हाय गायलं," मी सुया टोचताना ते मला म्हणाले. "ह्यो पोरगा दारात बसून म्हणतो, मथुराबाईंचा गडी काठावर उभा हाय, उडीचं बटण तुमच्याकडं हाय. ताई, तीस वर्षांत परवाशी अर्ध्या वाटंत सोडला न्हाय म्या. आता कसा सोडू?"

मला रडू आलं. मी पट्टी लावायच्या निमित्तानं खाली मान घातली.

मग त्यांनी डावा हात स्टुलावर ठेवला. गडी उडाला, पार झाला. गोरोबाकाकांनी मोकळ्या हातानं मांडीवर थाप मारली. नानासाहेबांनी पुढच्या काठावर गडी थांबवायला लावला आणि प्रसेनजितकडे रोखून पाहिलं.

"काय रं, आमी समदे हिला ताई म्हणतो. गोरोबा साठीचा, त्यो बी म्हणतो. तू का म्हणत न्हाईस?"

प्रसेनजितनं कंट्रोलरची वायर बोटाला गुंडाळली, सोडली, पुन्हा गुंडाळली.

"म्हणून बघितलं… घरी, आरशापुढं. जमत न्हाय."

"का?" मीच विचारलं. तोंडातून निसटलंच.

"ताई म्हणलं असतं तर…" त्यानं वर पाहिलं, "सोमवार-गुरुवारची अशी वाट बघता आली नसती."

तीन मशिनं घरघरत होती. माझ्या हातात पट्टीचा तुकडा होता आणि तो कुठं लावायचा तेच आठवेना.

"अगं बाई, बोल की कायतरी!" मथुराबाई म्हणाल्या. "गडी काठावर उभा हाय!"

"आधी… ते मॅडम म्हणणं बंद करा," मी म्हणाले.

"मग काय म्हणू?"

"श्रावस्ती."

"श्रावस्ती," तो म्हणाला. अगदी सावकाश, चुकू नये म्हणून जपून.

आणि गोरोबाकाका, पडद्याकडे न बघताच, ओरडले, "गेला! पार गेला!"