रहमतची फळी

ज्याने कोणी ही बोट आमच्या घाटावर पाठवली, त्याने ती आयुष्यात एकदाही मागे घेऊन पाहिली नव्हती. हे मी कुणाच्याही तोंडावर सांगेन! पुढे जाते हो, झकास जाते. पण पैनगंगेला पूर असताना घाटाच्या दगडापाशी ती थांबवायची कशी, हा विचार त्याच्या मनाला शिवलाच नाही.

ऐका, म्हणजे कळेल.

महाराष्ट्र राज्य झालं त्याच्या दुसऱ्या पावसाळ्यातली गोष्ट. नागपूरहून बी.ए. होऊन मी उमरखेडच्या बाजूला, नदीकाठच्या शाळेवर मास्तर म्हणून आलो होतो आणि शाळेपेक्षा त्या इंजिनाच्याच प्रेमात पडलो होतो. बोटीच्या मधोमध बसवलेलं, साहेबाच्या जमान्यातलं एका सिलिंडरचं इंजिन. पितळी तेलकुप्या, आणि पुढे जात्याएवढं लोखंडी चाक. गिअर नाहीच. बोट मागे घ्यायची तर ठिणगीचा खटका बंद करायचा, चाक मंदावू द्यायचं, आणि ते थांबणार तेवढ्यात, अगदी शेवटच्या गचक्याला, खटका परत टाकायचा. मग चाक उलटी लाथ मारतं आणि उलटंच फिरू लागतं. खटका लवकर पडला तर बोट तशीच जोरात दगडावर. उशीर झाला तर इंजिन मुकं.

रहमतला उशीर झाला होता. ही बोट चालवणारा तो पहिला माणूस. मुक्या इंजिनासकट बोट घाटाखालच्या काळ्या खडकावर गेली, रहमत पुरात पडला, तो सापडलाच नाही. पुढे बोट सांधली आणि त्याचा धाकटा भाऊ जब्बार ती चालवू लागला. पण मागे म्हणून कधी घ्यायचा नाही. लांबूनच इंजिन बंद करून काठावर दोर फेकायचा. इंजिनामागची फळी, जिथे रहमत बसायचा, ती रिकामी ठेवायची. आणि काठाला लागलं, की कुणी उतरण्याआधी त्या फळीवर हात ठेवून म्हणायचा, “भाई, तुम बैठो. हम आते.” मगच माणसं उतरायची.

मला हे थोतांड वाटे. उन्हाळाभर मी डोहाच्या साचल्या पाण्यात, इंजिनापाशी उभा राहून, बोट मागे घ्यायचा सराव केला.

“मास्तर, बैल हाय का तो?” जब्बार काठावरून हसायचा. “मागं सर म्हटलं का सरते?”

“सरतो! बघ!”

आणि खरंच सरायची. काय आनंद व्हायचा, काय सांगू!

श्रावणात एकदा पलीकडच्या तांड्यावरची जमनी अडली. सकाळपासून कळा, पोर आडवं. तिचा नवरा देवसिंग उमरखेडहून जीप घेऊन आला तेव्हा दिवेलागण होत होती. जीप अलीकडच्या काठावर, जमनी पलीकडच्या, आणि मधे नदी फुगलेली. दवाखान्यात नेली नाही तर आई आणि पोर, दोन्ही जाणार.

“दोर नाही टिकत आज, मास्तर,” जब्बार म्हणाला.

“मग मागे घेऊ!”

त्याने फळीकडे पाहिलं. “खटका तुमीच टाका. माह्या हातानं नाही होनार. मी बांबू घेऊन समोर राह्यतो.”

पलीकडे पोचलो. तिकडचा काठ मऊ चिखलाचा, बोट सरळ चढवली. जब्बारने फळीवर हात ठेवून नेहमीचं म्हटलं. जमनीला बाजेसकट आत घेतलं. सोबत तिची आई, भुरीबाई. ती त्याच काठावरच्या लांबच्या तांड्यातून कालच आलेली, बोटीत पहिल्यांदाच बसत होती. तिने लेकीचं डोकं मांडीवर घेतलं. सारखी माझ्या पाठीमागे बघत होती. पाण्याला भ्याली असेल, असं मला वाटलं.

नदीवर धुकं उतरलं होतं. इंजिनाचा ठक... ठक... आवाज धुक्यात जाऊन परत यायचा, आणि परत येताना जरा उशिरा यायचा. रॉकेलच्या वासात गाळाचा वास मिसळला. गाळात फार दिवस राहिलेल्या कपड्यांना येतो तसला.

“मास्तर, घाट!”

मी खटका बंद केला. त्याच क्षणी वाऱ्याने कंदील विझला. चाक दिसेना! डोहात मी डोळ्यांनी चाक बघून खटका टाकत होतो. आता अंधारात नुसतं त्याचं घरघरणं, मंद... अजून मंद... आणि समोर दगडावर फुटणारं पाणी. हात घामाने निसटत होता. आता? का अजून...?

“...ठैर,” कुणीतरी कानाशी म्हणालं. अगदी हळू.

मी थांबलो.

“...ठैर... अब.”

मी खटका टाकला. चाकाने लाथ मारली, बोट थरथरली आणि मागे सरली! खडक वीतभर अंतरावरून निघून गेला. वेग मोडला, आणि पुढच्या क्षणी आम्ही अलगद घाटाला लागलो होतो.

देवसिंग आणि ड्रायव्हर बाज उचलायला धावले. जब्बार वळला, फळीकडे हात नेला. “भाई, तुम...”

“सोड रे ते!” मी ओरडलो. “बाई मरायला टेकली आणि तू फळीशी काय बोलतोस? धर बाज!”

त्याने बाज धरली. जमनीला जीपमध्ये निजवलं. जीप सुटली, तिचा लाल दिवा धुक्यात गेला, आणि मी अक्षरशः नाचलो.

“जब्बार, साधलं! आणि काय नेमकं सांगितलंस, ‘ठैर, अब’!”

“मी?” जब्बारने कंदील पेटवला. “मी समोर बांबूले लोंबकळून होतो, मास्तर. मी कायले बोलतो?”

आम्ही दोघांनी बोटीकडे पाहिलं. फळी रिकामी होती. जब्बारने तिच्यावर हात ठेवला, आणि चटका बसावा तसा मागे घेतला.

“भाई...?” तो हळूच म्हणाला. “भाई...”

तेवढ्यात वरच्या पायरीवर कुणीतरी खाकरलं. कंदील वर केला. भुरीबाई होती, गाठोडं मांडीवर घेऊन बसलेली.

“आई, तुम्ही गेला नाहीत? लेकीबरोबर जायचं ना!”

“कुठी बसू, गुरुजी?” ती म्हणाली. “समोर जवाई अन् डायवर. मागं छोरीच्या पायथ्याशी तुमच्या बोटीतला तो ओल्ला माणूस जाऊन बसला. मीच म्हटलं त्याले, बस बाबा, तू बी थंडीनं कापून राह्यला.”