खालचा आवाज

त्या दुपारी हेबरला फक्त तिसऱ्या गाण्याचं एक कडवं पुन्हा गायचं होतं. ऑगस्ट म्हणजे तिथला ऐन हिवाळा; गारठा होता. नदीवरचं धुकं मोन्तेविदेओच्या जुन्या गल्ल्यांत भरदुपारी ठाण मांडून बसलं होतं. बंद पडलेल्या सिनेमागृहाच्या तळघरात स्टुडिओ होता. तिथे ओल्या गालिच्याचा आणि तापलेल्या यंत्रांचा वास कोंडलेला असे.

'बारांदा' हा त्यांचा रॉक बँड अकरा वर्षं क्लबांमधून वाजवत आला होता. आता कुठे त्यांचा अल्बम निघणार होता, आणि जानेवारीत त्यांचा गायक ओसिरिस मोटारसायकलवरून पडून वारला. गाणी त्याची होती, आवाजही त्याचाच. मग गिटार वाजवणारा हेबर त्याच्या माइकपुढे उभा राहिला. काही महिन्यांनी ओसिरिसची बायको नेल्बा, बँडची कीबोर्डवाली, हेबरच्या घरी राहायला आली. इतकी वर्षं ज्या दोन गोष्टींकडे तो चोरून बघत होता, त्या दोन्ही आता त्याच्या होत्या.

हेबर गायला. ध्वनिमुद्रक आल्सिदेस म्हातारा होता. 'माते' या कडवट पाल्याच्या चहाचा घोट घेत त्याने टेप मागे नेली, ऐकली आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"पोरा, हा खालचा आवाज कधी घातलास?"

"कुठला आवाज?"

आल्सिदेसने पुन्हा लावलं. हेबरच्या आवाजाखाली, अगदी चिकटून, दुसरा कुणीतरी गात होता. संथपणे, शब्दाच्या शेवटी किंचित घसरत. असं घसरणारा एकच माणूस त्यांना माहीत होता.

नेल्बा कीबोर्डवरून उठली आणि स्पीकरपाशी येऊन उभी राहिली. तिने डोळे मिटले.

"परत लाव ना..." ती म्हणाली.

हेबरच्या अंगावर काटा आला, पण भीतीपेक्षा त्याला झोंबला तो तिचा चेहरा. आपण गाताना हा चेहरा त्याने कधी पाहिला नव्हता.

मग ते रोजचंच झालं. नवं गाणं घेतलं की खालून तो येई. नेल्बा आता सकाळी लवकर आवरून बसे. कानात डूल घाले.

"कुणासाठी एवढं?" हेबरने एकदा विचारलं.

"थंडी आहे म्हणून," ती म्हणाली. डुलांचा आणि थंडीचा काय संबंध, ते तिने सांगितलं नाही.

शेवटी त्याने आल्सिदेसला गाठलं. "पुसून टाक त्याला."

"कसा पुसू? टेपवर त्याची वेगळी पट्टी असती तर पुसला असता. तो तुझ्याच पट्टीवर आहे रे. त्याला पुसलं की तूही जाशील."

"मग मीच पुन्हा गातो. सगळी."

आल्सिदेस जेवायला गेला, तेव्हा हेबरने आतून कडी घातली. टेप चालू केली आणि जुन्या आवाजावर एकामागून एक नऊच्या नऊ गाणी गायला. घसा फाटेपर्यंत गायला. मध्येच मानेवर गार श्वास आल्यासारखं वाटलं. तो थांबला नाही. उलट ओरडला, "ती माझी आहे... ऐकतोयस ना? माझी!"

मग त्याने टेप मागे नेऊन ऐकली.

खालचा आवाज आता खाली नव्हता. तो एकटाच होता, स्वच्छ, जवळून गायलेला. हेबरचा आवाज कुठेच नव्हता. जिथे तो ओरडला होता, तिथे दुसरं कुणीतरी हलकंसं हसलं होतं.

दारावर थाप पडली, तशी हेबरने कडी काढली. आल्सिदेस आत आला, उभ्याउभ्या ऐकलं आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "हे घे! पोरा, अगदी त्याच्यासारखा गायलास, हे तुझं गाणं. आता हात लावायचा नाही याला."

हेबरने यंत्र बंद केलं.

ऑक्टोबरात अल्बम आला आणि महिन्याभरात घराघरांतून ऐकू येऊ लागला. बेकरीत, बसमध्ये, शेजारणीच्या रेडिओवर, सगळीकडे तो गात होता. वेष्टनावर नाव हेबरचं. लोक रस्त्यात मिठ्या मारत. पण पहिल्याच मोठ्या कार्यक्रमात हेबर तोंड उघडून गायला आणि पुढच्या रांगेतली एक पोरगी मैत्रिणीला म्हणाली, "आजारी आहे का गं हा?" त्यानंतर हेबरने घराबाहेर पडणं सोडलं. नेल्बा आतल्या खोलीत दिवसभर रेकॉर्ड लावून बसे. दार लोटलेलं असे.

डिसेंबरातल्या एका सकाळी आल्सिदेसचा फोन आला.

"काय गायलास रे काल! पुढच्या अल्बमची सुरुवात अशी होईल, असं वाटलं नव्हतं. फक्त एक सांग, दिवे का बंद करायला लावलेस?"

"काल?" हेबरने विचारलं. "मी आठवडाभर घरातच आहे, आल्सिदेस..."

"थट्टा पुरे. नेल्बा होती की बरोबर."

नेल्बा काल बहिणीकडे गेली होती. निदान तसं सांगून गेली होती.

त्याने फोन ठेवला. स्वयंपाकघरात ती कांदा चिरत गुणगुणत होती. चाल त्याने कधीच ऐकली नव्हती. एक ओळ म्हणून ती थांबायची, मान किंचित कलती करून तेवढाच वेळ ऐकायची, हसायची, आणि मग पुढची ओळ घ्यायची.