आईच्या वाट्याची कांडी

विसरवाडीच्या फाट्यावर माणूस दोनच कारणांनी थांबतो. एक तर त्याला गाडी बदलायची असते, नाहीतर त्याची गाडी बिघडलेली असते. हेमराजची पिकअप त्या माघातल्या मंगळवारी बिघडली होती. मागे पपईचे क्रेट, कडेवर अडीच वर्षांची चांदनी, आणि पोरीनं असा काही सूर लावलेला की सुरतेकडे निघालेले ट्रकवालेसुद्धा माना वळवून बघत होते.

रसवंतीच्या बाजूला, निंबाच्या सावलीत रुपाचं टेबल होतं. दोन काचेच्या बरण्या, एक पाटी – 'लहान बाळांचा फळांचा खाऊ' – आणि गिऱ्हाइकांसाठी दोन स्टुलं.

"सकायपासून काय खाधं तिनी?" रुपानं विचारलं.

"बिस्किटं." तो ओशाळला. "दुसरं काही खातीच नही. तीन दिन व्हयनात... पोट साफ नही तिनं."

अनोळखी बाईशी पहिलंवहिलं बोलणं, आणि तेही पोरीच्या पोटाबद्दल. गडी कानापर्यंत लाल झाला. प्रेमाची गोष्ट अशी सुरू होत नसते, असं रुपा पुढे स्वतःलाच सांगायची. पण ही झाली खरी.

रुपा गृहविज्ञान शिकलेली. अठ्ठाविसावं लागलं होतं. स्थळं यायची, चहा पिऊन जायची. तिचा जीव होता तो या खाऊत. बिया काढलेला खजूर भिजवून ठेचायचा, त्यात सुकेळी कुस्करायची, गच्चीवर वाळवलेल्या पपईचे बारीक तुकडे, ज्वारीच्या लाह्यांचा चुरा, थोडं जवसाचं कूट. साखर नाही, मैदा नाही, भट्टी नाही की चूल नाही. सगळं हातानं मळून पोराच्या बोटाएवढ्या मऊ कांड्या वळायच्या आणि तिळात घोळवायच्या. दुधाच्या दातांना झेपतं, घशात अडकत नाही, आणि सकाळी आईबापांचा जीवही भांड्यात पडतो.

चांदनीनं कांडी हुंगली. रडं थांबलं. तिनं कांडीचे दोन तुकडे केले, एक तोंडात घातला आणि दुसरा शेजारच्या रिकाम्या स्टुलावर ठेवला. अगदी नीट, कुणाच्या तरी ताटात वाढावा तसा.

"आईले," ती म्हणाली.

"आई कोठे शे तुन्ही?" रुपानं हसत विचारलं.

पोरीनं स्टुलाकडे बोट केलं.

हेमराज खाली बघत राहिला. "श्रावणमा गई ती. ताप व्हता... चार दिनना."

रुपाच्या हातावर भर दुपारी काटा आला. गाडी सुरू झाली, बापलेक निघून गेले, आणि स्टुलावरचा तुकडा तिथंच राहिला. रसवंतीशेजारी गोड पदार्थाला मुंग्या लागायला दोन मिनिटं पुरतात. त्या तुकड्याभोवती मुंग्या आल्या, वीतभर अंतरावर थबकल्या आणि वळसा घालून निघून गेल्या. टेबल आवरताना रुपानं तो उचलला आणि का कोण जाणे, जिभेला लावला. खजूर नाही, केळं नाही, काहीच नाही. ओल्या कागदासारखी चव होती. तिनं तुकडा रस्त्यापलीकडे टाकला आणि दोनदा चूळ भरली.

शहाण्या बाईनं तिथंच टेबल हलवलं असतं. रुपानं पुढच्या मंगळवारी दोन्ही स्टुलं पुसून ठेवली.

गाडी आली, आणि या खेपेला ती बिघडलेली नव्हती. मग दर मंगळवारी येऊ लागली. चांदनी आपल्या कांडीचे दोन तुकडे करी, एक स्वतःला, एक स्टुलाला. आणि तिसऱ्या की चौथ्या खेपेला ती रुपाकडे बघून सहज म्हणाली, "आई म्हनस, इलायची नको."

रुपानं त्या दिवशी पहिल्यांदाच वेलची घातली होती, तीही चिमूटभर.

हेमराजचा चेहरा उतरला. "शीलाले इलायचीनं डोकं दुखे," तो हळू म्हणाला. "पण हाई पोरले कोन्ही सांगेल नही. ती गई तवय हाई धड बोलेबी नही."

तेव्हापासून हे सुरूच झालं. आई म्हणते, तीळ जास्त टाक. आई म्हणते, खजूर कोरडा पडला. रुपा बरणीवर वाकून मुकाट्यानं ऐकायची आणि घरी जाऊन तसंच करायची. कांड्या खरोखरच सरस होत गेल्या, आणि याचीच तिला जास्त भीती वाटे. एकदा गच्चीवर पपई पसरताना ती स्वतःशीच म्हणाली, "एवढ्या बारीक फोडी पुरेत ना?" – आणि आपण कुणाला विचारलं हे उमगून तिच्या हातातली सुरी थांबली.

भीती होती, तसं दुसरंही काही होतं. तो येण्याआधी ती केस नीट करी. गाडीचा हॉर्न तिला दहा गाड्यांतून ओळखू येई. तो पैसे देताना बोटं जराशी जास्त थांबत... दोघंही ते न कळल्यासारखं करत.

"तुम्हले पपई सुरतले पोचाडानी शे, का आठेच पिकाडानी शे?" एकदा तिनं त्याला छेडलं. तासभर बसला होता गडी.

"आठे सावली चांगली शे."

"सावली तर त्या बाजूना निंबनी बी चांगली शे."

"तठे तू नही ना," तो म्हणाला, आणि लगेच उठून गाडीचं चाक तपासू लागला. चाकाला काहीही झालेलं नव्हतं.

रुपा खजुराच्या बिया मोजत बसली. मनात म्हणाली, हे स्टुलावरच्या बाईनंही ऐकलं असेल. आणि तिला लाज वाटली, मग थोडा राग आला, आणि रागाची पुन्हा लाज वाटली.

चैत्र निम्मा झाला. गुजरातेतून पहिले आंबे फाट्यावर उतरले. रुपानं आमरस ताटाला पसरून वाळवला, त्याची पोळी खजुराभोवती गुंडाळली आणि केशरी कांड्या केल्या. मंगळवारी चांदनी गाडीतून उतरली तशी एक तिच्या हातात दिली.

पोरीनं या वेळी कांडी मोडली नाही. सबंध खाल्ली. बोटं चाटली.

"हाई काय शे?" हेमराजनं विचारलं. आवाज वेगळाच होता.

"आंबा."

तो दगडासारखा उभा राहिला. आणि तेव्हा रुपाला आठवलं. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पितरांची घागर भरल्याशिवाय त्यांच्याकडे कुणाच्या तोंडात आंबा जात नाही. रुपाच्या घरचा हा नेम कधीच सुटला होता. पण तिला माहीत होतं, खानदेशात कुणाला माहीत नसतं? मंगळवारच्या नादात ती विसरली होती.

"आखाजीले दोन हप्ता शेतस," हेमराज म्हणाला. "यंदा तिनी पहिली घागर." मग तो चांदनीपुढे वाकला. "बेटा... आईले?"

"आई नही," चांदनी म्हणाली, आणि स्टुलाकडे नुसतं स्टुलाकडे बघावं तसं बघितलं.

त्यानं तिला उचललं आणि गाडी गेली.

पुढचा मंगळवार रिकामा गेला. त्याच्या पुढचाही. रुपा कांड्या वळायची, पण कुणी काही सांगत नव्हतं. तीळ कमी की जास्त, कळायला मार्ग नव्हता. घर इतकं गप्प वाटायचं की ती दुपारी रेडिओ लावून ठेवायची. आपण त्या माणसावर जीव जडवून बसलो आहोत, आणि मेलेल्या बाईचा अपमान करून त्याला घालवला आहे, एवढंच तिला उठताबसता दिसायचं.

आखाजीच्या सकाळी फोन आला. नंबर खाऊच्या पुडीवर छापलेला होता.

"मी गजराबाई, हेमराजनी माय. पोरले आंबा तूच चारा ना?"

"हा, मावशी." रुपानं बोलणी खायची तयारी केली.

"मंग आते तूच ये. हेमराज घागर भरी नही ऱ्हायना."

तापीकाठी प्रकाशा तीर्थाजवळ असलेल्या हेमराजच्या गावी ती पोचली तेव्हा दुपार होत आली होती. निंबांना झोके टांगलेले, माहेरवाशिणींची गाणी चाललेली. हेमराजच्या ओसरीवर मात्र चिडीचूप होतं. पाटावर नवी कोरी लाल घागर कोरडीठाक, शेजारी आंबे, खरबूज, सांजोऱ्या. पाण्याचा हंडा तसाच भरलेला. आणि हेमराज भिंतीला टेकून बसलेला.

"सकायपासून असाच बशेल शे," गजराबाई म्हणाली आणि पदरानं डोळे पुसत आत गेली.

रुपा त्याच्यासमोर बसली. "मन्ही चूक व्हयनी. नेम मोडा मी."

"नेमनं काही नही." त्यानं वर पाहिलं. डोळे सुजलेले होते. "त्या दिनपासून पोर काहीच बोलत नही. 'आई म्हनस' म्हने ती, तवढाच आधार व्हता माले. तू आंबा दिधा, आनि शीला गप व्हयनी. आते घागर भरी म्हंजे ती पितरमा गई. मंग मन्ही कोन ती?"

रुपाला वाटलं, उठावं आणि परत जावं. या माणसाच्या मनात कुणी बसलेलं आहे आणि दुसरं स्टूल नाही. पण तिला तो तुकडा आठवला, ओल्या कागदाच्या चवीचा.

"एक सांगू?" ती म्हणाली. "ती अर्धी कांडी मी चाखेल शे. तिन्हामा गोडी नव्हती. कोन्ही तरी खायेल व्हती ती, हेमराज. नऊ महिना ती लेकरूना अर्धावर ऱ्हायनी... अर्धपोटी. तिले पुरं जेवन दे आते. तू धरी ठेवस म्हनीसन ती उपाशी शे."

हेमराज भिंतीपासून पुढे सरकला. मग त्यानं हंडा ओढला आणि घागर भरायला सुरुवात केली.

कोरी माती पाणी पिते, तिचा आवाज होतो, हे सगळ्यांनाच माहीत असतं. पण ही घागर सू... सू... करत राहिली. पाणी चार बोटं खाली गेलं. त्यानं पुन्हा भरली, पुन्हा उतरलं. चांदनी जवळ येऊन बसली आणि तिनं घागरीला कान लावला.

"आई पानी पी ऱ्हायनी," ती म्हणाली. दोन आठवड्यांनंतर तिच्या तोंडात आई आली होती.

आतून गजराबाई दारात येऊन उभी राहिली. झोक्यावरची गाणी थांबली होती की इथंच ऐकू येत नव्हती, कळेना. हेमराजनं तिसऱ्यांदा घागर भरली. या वेळी पाणी काठाशी ठरलं. आवाज बंद झाला.

चांदनी उठली. बापाकडे गेली नाही, आजीकडेही नाही. रुपाच्या गुडघ्यावर हात ठेवून तिनं तिच्या डोळ्यांत बघितलं. पोरीची नजर अडीच वर्षांची नव्हती.

"आई विचारस," ती म्हणाली, "जाऊ का?"

आपल्याकडे उंबऱ्यातून निघणारं माणूस 'येते' म्हणतं. 'जाऊ का' असं कुणी विचारत नाही. हेमराज रुपाकडे बघत होता, आणि तिला कळलं, आता जे बोलू ते दोघांनाही बोलू; जिवंतालाही आणि मेलेलीलाही.

"जाय, बहीण," ती म्हणाली. "पोट भरीसन जाय. पोरले मी सांभाळसू." मग थोडं थांबून, खाली बघत, "आनि तिना बापले बी... तो हा म्हना तर."

दारातून वारा आत आला नाही, बाहेर गेला. पाटावरच्या कुंकवाची एक बारीक रेघ उंबऱ्यापर्यंत ओढली गेली. चांदनीनं तिकडे बघून हात हलवला, एसटीला हलवतात तसा. मग तिनं रुपाचा पदर ओढला. "भूक लागनी."

हेमराज रडत होता, आणि गजराबाईनं त्याला रडू दिलं. तिनं घागरीपुढे ताट वाढलं, मग घरच्यांची. आंबा कापला गेला. रुपा उठली, पदर सावरला. "मी निघस. साडेतीननी गाडी शे."

"आखाजीले घर उनेल बाई जेव्याबिगर जास नही," गजराबाई म्हणाली.

"बरं. जेवीसन जासू."

हेमराजनं तोंड पुसलं. आपल्या शेजारी एक पाट मांडला. त्याचा आवाज अजून ओला होता, पण तो तिच्याकडे सरळ बघत बोलला.

"जेवीसन बी नको जाऊ, रुपा."

चांदनी आधीच तिच्या मांडीवर चढून बसली होती. रुपानं तिला आंब्याची सबंध फोड दिली, आणि साडेतीनची गाडी गेली.