लांबच्या भेगेचा आकडा

वुर्यांतोला विवरात उतरायचं होतं ते एका आकड्यासाठी. योग्यकर्ता शहरातल्या विद्यापीठाच्या भूशास्त्र विभागातल्या जुन्या बॅचचा मेळावा काल दणक्यात झाला होता. सारखे बाटिक शर्ट घातलेले चाळीस पोट सुटलेले भूशास्त्रज्ञ आज ज्वालामुखीच्या काठावर फोटो काढण्यात दंग होते. वुर्यांतो मात्र तापमापकाची लांब सळई पाठीला लावून दोर बांधत होता. सोबत दोघंच निघाली, थट्टेखोर पार्जोनो आणि तितिसारी.

चौतीस वर्षांपूर्वी इथल्याच धुराच्या भेगा वुर्यांतो आणि तितिसारीने मोजल्या होत्या. लांबच्या भेगेपाशी जायला वुर्यांतोची छाती झाली नाही. जवळच्या भेगेचा आकडा त्याने लांबच्या भेगेचा म्हणून खपवला, शहाण्णव अंश! तितिसारी खरोखर तिथवर जाऊन आली, तिने लिहिलं चारशे बारा. प्रबंधाच्या सरांनी वर्गात पहिल्या येणाऱ्या वुर्यांतोवर विश्वास ठेवला. ती खोटारडी ठरली, प्रबंध बुडाला, आणि तिचं पुढचं आयुष्य मागेलांग गावच्या शाळेत भूगोल शिकवण्यात गेलं. आज तिच्यादेखत तो आकडा पुन्हा घ्यायचा आणि मग कबुली द्यायची, असं त्याने ठरवलं होतं.

"वुर, माझं वजन झेपेल का, हे दोराला विचारलंस?" पार्जोनो ओरडला.

"तू वरच थांब, दोर धर," तितिसारी म्हणाली. "पडलास तर डोंगराला भोक पडेल."

दोघं उतरली. उतार निसरडा होता, धुकं दाटत चाललं होतं, आणि गंधकाच्या वासाने गॅस मास्क लावूनही घसा खवखवत होता. जवळची भेग मागे पडली आणि राख सुरू झाली. लांबची भेग जेमतेम पंधरा पावलांवर फुसफुसत होती.

आणि वारा फिरला! पांढरा धूर अंगावर आला. डोळे चुरचुरले. वुर्यांतो तसाच पुढे सरकला. पायाखालची कड तुटली! सळई खणखणत खाली गेली. तोही जाणार, तोच तितिसारीने त्याच्या पिशवीचा पट्टा धरला.

"मागे फीर, वेड्या!"

"दहाच पावलं, तिती! दुसरा छोटा तापमापक आहे माझ्याकडे!"

"कशाला? आजचा आकडा तेव्हाची साक्ष कशी देईल? भेगा रोज बदलतात, हे पहिल्या वर्षाच्या पोरालाही कळतं!"

त्याला ते कळत होतंच. तोंड उघडायचं टाळण्यासाठी तो आकड्याच्या मागे लपला होता, एवढंच. "मी तिथे गेलोच नव्हतो," तो खोकत म्हणाला. "तुझा आकडा खरा होता."

"माहितीये मला. त्या दिवशी तुझ्या बुटांना राखसुद्धा लागली नव्हती. चल वर!"

पार्जोनोने दोर ओढला. गुडघे सोलवटून, धापा टाकत दोघं काठावर पोचली.

खाली जीपपाशी मंडळी केळीच्या पानात शिजवलेला लोंतोंग भात आणि सोयाबीनचं तळलेलं टेंपे खात होती, माइकवर कुणीतरी बेसूर गात होतं. वुर्यांतोने माइक हिसकावून घेतला आणि सगळं सांगून टाकलं. खाणं थांबलं. पार्जोनो पुटपुटला, "शाब्बास, वुर. उशिरा का होईना."

तितिसारीने बुटातली राख झटकली. "सर गेल्या वर्षी गेले," ती म्हणाली. "त्याआधी मी त्यांना भेटायला गेले होते. त्यांनी माझा हात धरला आणि म्हणाले, पोरी, मी तुला केव्हाच माफ केलंय."

वुर्यांतोच्या हातातला माइक चालूच होता.