तान्ह्यांची दुर्बीण

"मॅडम, दुर्बीण नाहीये."

परीक्षक बाईंनी अजून खांद्यावरची पर्सही उतरवली नव्हती. दारातल्या सिस्टरचा चेहरा भिंतीसारखा पांढरा पडला होता.

"कुठली?"

"सगळ्यांत बारीक. तान्ह्या बाळांची. काल संध्याकाळी मीच धुऊन टांगली होती. आज कपाट उघडलं तर हूक रिकामा."

काचेच्या कपाटात बाकीच्या दुर्बिणी सरळ लोंबत होत्या. काळ्या, दोरीसारख्या, श्वासनलिकेत उतरवून आतलं बघायच्या. त्या महाग होत्या आणि जागच्या जागी होत्या.

मुलांच्या श्वसनरोगांना स्वतंत्र शाखा म्हणून वैद्यकीय परिषदेने हल्लीच मान्यता दिली होती. आता ती शिकवणारे विभाग निकषांत बसतात का, हे बाई गावोगाव फिरून पाहायच्या. उतारूंच्या खोल्यांत एकट्या जेवायच्या. त्या सगळं फार जवळून बघतात म्हणून डॉक्टर लोक त्यांना पाठीमागे 'भिंग' म्हणत. बाईंना ते ठाऊक होतं, आणि आवडतही होतं.

आजच्या निकषांत दोन गोष्टी ठळक होत्या. तान्ह्यांची दुर्बीण हवी. आणि विभागाच्या शिक्षकाने परीक्षकासमोर स्वतः तपासणी करून दाखवायला हवी. त्यासाठी घरघर श्वास घेणारं एक बाळ आईच्या मांडीवर बाहेर थांबलं होतं.

विभागात शिकणारी एकच होती. सगळे तिला धाकटी म्हणत. मान्यता येईल या भरवशावर ती इथे शिकत राहिली. आज मान्यता मिळाली तर तिची वर्षं धरली जाणार होती. नाही मिळाली तर विभागाचे एकुलते शिक्षक असलेले सर पुढच्या महिन्यात निवृत्त, विभाग बंद, आणि धाकटीची पाटी कोरी.

"किल्ल्या कोणाकडे?" बाईंनी विचारलं.

"एक माझ्याकडे, एक धाकट्या डॉक्टरांकडे, एक सरांकडे."

"कुलूप तोडलंय?"

"नाही हो. तोडलं असतं तर बरं झालं असतं. आता सगळे माझ्याकडेच बघणार."

"बघू देत. दुर्बीण ओली होती?"

"आतून ओलीच. ती सरळ टांगून वाळवावी लागते, वारा लागेल अशी. गुंडाळली की आत जंतू धरतात. सरांनी हे इतकं घोटून घेतलंय, की मी घरी पाण्याची नळीसुद्धा टांगून ठेवते. नवरा हसतो."

बाई हसल्या नाहीत. कोणाचं काय जातं आणि कोणाच्या पदरात काय पडतं, असा माणसांचा जमाखर्च मांडायची त्यांना खोड होती. सिस्टरच्या बाजूला नुसती तोशीस दिसत होती.

धाकटी शिकाऊंच्या खोलीत बसली होती. तिथे दोन पलंग होते. दुसऱ्यावर कधीच कोणी आलं नव्हतं.

"संशय कोणाचा?"

"पोटाच्या डॉक्टरांचा, असं म्हणावंसं वाटतं. त्यांना आमची जागा हवीय."

"जागा हवी तर एवढीशी दुर्बीण कशाला पळवतील? मोठ्या पळवल्या असत्या, त्यांना किंमत तरी आली असती."

"तेही खरंच." धाकटीने डोळे पुसले. "मॅडम, आजची तपासणी पुढे ढकलली तर माझं संपलं."

"दुर्बीण कशी धरता? दाखवा बघू."

धाकटीने पेन उचललं. तिचं मनगट आत मुडपलं होतं.

"हे कोणी शिकवलं?"

"सरांनी. इथे दुसरं आहे कोण?"

सरांची खोली भांडारखोलीच्याही पलीकडे, बोळाच्या टोकाला होती. टेबलावर सगळं आखल्यासारखं. एक पेन, एक रुमाल, एक कप. पाहुण्यासाठी कप नव्हता. फक्त सरांचा पांढरा कोट खुर्चीच्या पाठीवर चुरगळून पडला होता. उंच लाकडी कपाटाचं दार किंचित उघडं होतं, आणि ते मिटू नये म्हणून फटीत कापसाचा बोळा खोचला होता.

"तपासणी पुढे ढकला, मॅडम," सर म्हणाले. "दुर्बीण नाही तर नाही."

"शोधायची नाही?"

"कुठे शोधणार?"

"आणि धाकटी?"

सरांनी सरळच असलेलं पेन पुन्हा सरळ केलं. "हुशार आहे. कुठेही शिकेल."

"तुम्ही कुठे शिकलात?"

"मी? तेव्हा ही शाखा होती कुठे! पुस्तकं मागवली. बाहुलीवर हात बसवला. शेजारी विचारायला कोणी नव्हतंच."

बाईंनी सिस्टरला आणि धाकटीला तिथेच बोलावून घेतलं. खोलीत बसायला जागा नव्हती. सगळ्या उभ्या राहिल्या.

"चोराला पैसे नको होते," बाईंनी सुरुवात केली. "नाहीतर महागाच्या दुर्बिणी गेल्या असत्या. नेमकी तीच गेली, जिच्यावाचून आजची तपासणी अडते. म्हणजे चोराला निकष पाठ आहेत आणि त्याच्याकडे किल्ली आहे. अशी माणसं तीन. सिस्टरवर नुसता ठपका येणार. धाकटीची तर वर्षंच जाणार."

सर खिडकीबाहेर बघत होते.

"दुर्बीण ओली होती. दुसऱ्या कोणी ती गुंडाळून पिशवीत कोंबली असती. पण ज्याने हे नियम बसवले, त्याच्याने चोरी करतानाही ती गुंडाळवली नाही. ती टांगायलाच हवी. एकटी, सरळ, वारा लागेल अशी. त्यासाठी उंच कपाट हवं, आणि आत असेल तो कोट बाहेर काढायला हवा. पेनसुद्धा वाकडं न चालणाऱ्या माणसाचा कोट चुरगळलाय, सर. उघडू?"

सरांनी स्वतःच दार उघडलं. रिकाम्या कपाटात मधोमध काळी बारीक दोरी लोंबत होती.

"अगं बाई!" सिस्टर म्हणाली.

"माझ्या मागे आजवर कोणी उभं राहिलं नाही," सर बोलायला लागले. "कोणी चूक म्हटलं नाही, बरोबरही म्हटलं नाही. काल वाटलं, उद्या ह्या म्हणतील, अहो, हे सगळंच चुकीचं आहे. मग ती सगळी मुलं... मी गेल्यावर रीतसर शिकलेला कोणी येईल, त्याला तपासा म्हटलं."

"इथे कोणी येणार नाही, तुम्हाला माहितेय," धाकटी म्हणाली. "आणि माझी वर्षं, सर? तुम्ही माझ्या बाजूचे आहात असं समजत होते मी."

सर कपाटापासून बाजूला झाले.

"दुर्बीण कोणी हलवली, हे अहवालात जाईल," बाई म्हणाल्या. "ते मी गाळणार नाही. बाकीचा निर्णय अजून व्हायचाय. सिस्टर, ती पुन्हा धुवा. सर, तुम्हीही हात धुवा."

बाळ गुंगीत होतं. बाई सरांच्या मागे, अगदी खांद्याशी उभ्या राहिल्या. दुर्बीण आत सरकली. पडद्यावर कंठाजवळची मऊ झालर दिसली, दर श्वासाला आत ओढली जाणारी. तीच घरघर. सरांनी ती निवांत पाहू दिली, खाली उतरले, कुठेही न खरचटता परत आले. मूल वाढेल तशी झालर घट्ट होईल, आईने घाबरायचं कारण नव्हतं.

सर वळले नाहीत. पाठमोरेच म्हणाले, "कसं झालं?"

हा प्रश्न त्यांनी आयुष्यात कोणाला विचारला नव्हता.

"मनगट आत मुडपता. बोटं लवकर थकतात. हिचीही थकत असणार. तुम्हाला कोणी टोकलं नाही, म्हणून तुमची खोड हिच्यातही उतरली." बाईंनी त्यांचं मनगट धरून सरळ केलं. "एवढंच. बाकी सगळं बरोबर आहे. आधीपासून बरोबर असणार."

सर मनगट तसंच धरून उभे राहिले.

दुपारी बाईंनी मान्यतेची शिफारस केली, चोरीसकट सगळं लिहिलं आणि पर्स खांद्याला लावली. बोळातून जाताना त्यांना सरांच्या खोलीत धाकटी दिसली. सर खुर्चीत होते. ती त्यांच्याशी एक शब्द बोलली नाही. तिने खुर्चीच्या पाठीवरचा कोट ओढून घेतला, झटकला आणि रिकाम्या कपाटात सरळ टांगला.